छपराला कोणी धरलंय? मूरजवळच्या मराठी शाळेतला टोर्नेडोचा धडा

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीकडून दक्षिणेला नॉर्मनकडे निघालं की वाटेत मूर हे शहर लागतं. सपाट माळ, बहुतेक एकमजली घरं, आणि जवळजवळ प्रत्येक घराला रस्त्याकडे तोंड केलेला गॅरेजचा रुंद दरवाजा. या शहराच्या वाट्याला मोठे टोर्नेडो जरा जास्तच आले: 3 मे 1999, 8 मे 2003, 10 मे 2010 आणि 20 मे 2013. त्यातल्या 1999 च्या वादळात ट्रकवर बसवलेल्या डॉप्लर रडारने टिपलेला वाऱ्याचा वेग ताशी 300 मैलांच्या म्हणजे 480 किलोमीटरच्या घरात होता. माणसाने मोजलेल्या सर्वाधिक वेगांमध्ये तो आजही धरला जातो.

20 मे 2013 हा सोमवार होता. हवामान खात्याच्या नॉर्मन कार्यालयाने दुपारी 2:40 ला इशारा दिला, 2:56 ला टोर्नेडो जमिनीला टेकला आणि पुढे सुमारे 39 मिनिटं तो जमिनीवरच होता. सर्वात रुंद जागी त्याचा पट्टा दीड किलोमीटरहून मोठा होता. दर्जा लागला ईएफ-5, म्हणजे टोर्नेडोची तीव्रता सांगणाऱ्या सुधारित फुजिता (ईएफ) मोजपट्टीवरचा शेवटचा. 24 माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली, हजाराहून जास्त घरं जमीनदोस्त झाली. शाळा सुटायची वेळ जवळ आली होती. वाटेत दोन प्राथमिक शाळा आल्या, प्लाझा टॉवर्स आणि ब्रायरवुड. दोन्ही इमारती उद्ध्वस्त झाल्या. ब्रायरवुडमध्ये कोणी दगावलं नाही. प्लाझा टॉवर्समध्ये भिंत कोसळून सात मुलं गेली. या दोन्ही शाळांत वादळासाठी बांधलेली सुरक्षित खोली नव्हती. 1999 मध्ये पडलेल्या आणि नंतर नव्याने बांधलेल्या शाळांमध्ये ती होती.

या भागात वाढणाऱ्या मुलांना वाऱ्याचं अभियांत्रिकी कसं शिकवावं, याचं हे प्रकरण. वर्ग छोटा, आमच्या शनिवारच्या मराठी शाळेतला. मुलं नऊ ते बारा वर्षांची. मी व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, एरवी या मुलांना काने-मात्रे शिकवते.

प्रश्न कुठून आला

ओक्लाहोमा सिटी परिसरात दर शनिवारी दुपारी बाराला भोंग्यांची चाचणी होते (हवा खराब असेल तर करत नाहीत, नाहीतर लोक खऱ्या इशाऱ्यालाही चाचणी समजतील). आमचा वर्ग नेमका त्याच वेळी सुटतो. पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा तो आवाज ऐकून बाकाखाली शिरला. बाकीची हसली आणि मग त्याला समजावायला लागली. प्रत्येकाकडे सांगायला काही ना काही होतं: काळा भोवरा, हवेत उडालेला ट्रक, झाडाच्या खोडात घुसलेली गवताची काडी. टोर्नेडो आला तर शाळेत काय करता, असं मी विचारलं. एक मुलगी म्हणाली, "हॉलवेमध्ये खाली बसतो, डोक्यावर हात." हॉलवेमध्येच का? "टीचर सांगते म्हणून."

मला अडलं ते इथे. ही मुलं बालवाडीपासून कवायत करतात आणि ती चांगली करतात, पण आपण ज्या भिंतीला टेकून बसतो ती कशाच्या जोरावर उभी आहे, हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारलेला नसतो. प्लाझा टॉवर्सच्या मुलांनीही शिकवल्याप्रमाणेच केलं होतं. त्यामुळे मी ठरवलं, या धड्यात भोवरा शेवटी. आधी घर.

बाटलीतला भोवरा

टोर्नेडो शिकवायचा म्हटलं की दोन बाटल्या तोंडाला तोंड लावून पाणी फिरवायचा प्रयोग ठरलेला. मुलांना तो फार आवडतो. मी तो घेतला नाही, आणि एका पालकांना त्याचं वाईट वाटलं, कारण ते बाटल्या घेऊन आले होते. माझी हरकत दोन गोष्टींना आहे. बाटलीत पाणी वजनाने खाली जाताना फिरतं. टोर्नेडोत हवा मुख्यतः वर ओढली जाते. प्रयोग बघून घरी गेलेलं मूल दिशाच उलटी घेऊन जातं. दुसरं म्हणजे बाटली बघून झाल्यावर मुलाच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. भोवरा सुंदर दिसतो, एवढंच.

हवामानाचं मी थोडक्यात उरकलं. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी ओली, गरम हवा, पश्चिमेच्या वाळवंटी पठारांवरून येणारी कोरडी हवा, आणि उंचीनुसार वाऱ्याचा वेग नि दिशा बदलत जाणं. यातून एक मोठा गडगडाटी ढग आख्खाच्या आख्खा संथ फिरू लागतो. अशा फिरत्या ढगांपैकी थोड्यांनाच टोर्नेडो होतो. उन्हाळ्यात मैदानात उठणारी वावटळ मात्र तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला वर ढग लागत नाही. पुण्याच्या मुलाने वावटळ पाहिलेली होती, त्यामुळे हा फरक त्यानेच बाकीच्यांना सांगितला आणि बाकाखालचा प्रसंग तिथे संपला.

पहिली फेरी

प्रत्येक गटाला प्लायवुडचा एक तुकडा म्हणजे जमीन. त्यावर घर बांधायचं. साहित्य विकत घ्यायचं, खोट्या पैशांत: पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, चिकटपट्टी, दोरा, टाचण्या, कागदाच्या क्लिपा. दुकान मी मांडलं होतं आणि पैसे मुद्दाम कमी दिले होते. पैसे अपुरे नसतील तर ते अभियांत्रिकी नाही, नुसतं हस्तकलेचा तास होतो.

वारा म्हणून पानं उडवायचा ब्लोअर. सगळ्यांच्या डोळ्यांना चष्मे. ब्लोअरचा वारा सरळ असतो, फिरता नसतो, हे एका मुलीने लगेच पकडलं. तिचं बरोबर होतं. पण टोर्नेडोचा पट्टा घराच्या मानाने इतका रुंद असतो की एका क्षणी एका घराला वारा जवळजवळ सरळच लागतो. फक्त त्याची दिशा काही सेकंदांत बदलत जाते आणि त्याला वर उचलणारा जोरही असतो. म्हणून ब्लोअर चालू असताना आम्ही प्लायवुड हळूहळू फिरवत राहिलो. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत छताला टांगलेलं यंत्र फिरता वारा तयार करत छोट्या घरांच्या नमुन्यांवरून सरकत जातं, हेही सांगितलं. आपल्याकडे ते नाही, तर घर फिरवू.

पहिल्या फेरीत जवळपास सगळ्या गटांनी पैसे भिंतींवर घालवले. दुहेरी पुठ्ठा, आतून काड्या. छप्पर वर नुसतं ठेवलेलं, कडेला दोन ठिकाणी चिकटपट्टी. एका गटाने वजन हवं म्हणून छपरावर खडे ठेवले. ब्लोअर लांब असतानाच छपरं गेली, खड्यांचं जरा उशिरा. छप्पर गेल्यावर त्या जाडजूड भिंतींचं काय झालं ते मुलांनी नीट पाहिलं: वरून धरणारं कोणी नाही म्हटल्यावर त्या एकेक करून आत किंवा बाहेर झोपल्या. खऱ्या घरांतही हाच क्रम पुष्कळदा दिसतो. छप्पर म्हणजे पावसाची सोय, असं मुलांना वाटतं. ते भिंतींची डोकी एकत्र बांधून ठेवतं, हे त्यांना पडलेल्या घरातच दिसलं.

मग हिशेब. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करून 0.6 ने गुणायचं, की एका चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी 144 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 40 मीटर: 960 न्यूटन, ढोबळमानाने 100 किलो. ताशी 216 किलोमीटर म्हणजे 60 मीटर: 2160 न्यूटन, सुमारे 220 किलो. वेग दीडपट, दाब सव्वादोनपट. आणि छपराच्या कडेवरून वारा उसळून पुढे जाताना हा जोर खाली दाबत नाही, वर ओढतो. कोपऱ्यांवर आणि कडांवर तो सरासरीपेक्षा बराच जास्त असतो.

वर्गाच्या मागे एक आजी बसल्या होत्या, नातीबरोबर आलेल्या, श्रीवर्धन तालुक्यातल्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ त्यांच्या डोक्यावरून गेलेलं. खडे पाहून त्या हसल्या. "आमच्याकडे पण ठेवतात हो, दगड नि टायर. आमचे पत्रे मात्र हुकांनी आवळलेले होते. म्हटलं, आता काय होतंय. तर पत्रे वाशांसकट गेले. शेजारच्या वाडीत सापडले, हुक तसेच्या तसे लागलेले."

यापेक्षा चांगलं उदाहरण मला शोधून मिळालं नसतं. निसर्गच्या वेळचा वारा ताशी 110 किलोमीटर धरला तर दाब चौरस मीटरला सुमारे 57 किलो येतो. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाच-सहा किलो. चाळीस चौरस मीटरच्या छपरावर दोन टनांहून जास्त ओढ. एवढे दगड कोणी चढवत नाही, आणि चढवलेच तर वाऱ्याने सुटलेला प्रत्येक दगड शेजाऱ्याच्या घरावर जातो.

साखळी

दुसऱ्या फेरीच्या आधी मुलांना उभं केलं. एक जण पत्रा, दुसरा वासा, तिसरा भिंतीच्या डोक्यावरची लाकडी पट्टी, चौथा भिंत, पाचवा पाया. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे. "पत्र्या"ला मी ओढणार. पहिल्या वेळी पत्रा आणि वासा यांची पकड सुटली. त्यांना मनगटं घट्ट धरायला सांगितली, तर वासा आणि पट्टी सुटली. तिथे घट्ट केलं, तर भिंत आणि पाया. आजींचं छप्पर यातलं कुठलं, हे मुलांना विचारावं लागलं नाही.

इंजिनिअर याला भार जमिनीपर्यंत नेणारी अखंड वाट म्हणतात. छपराला वर ओढणारा जोर वाशातून भिंतीत, भिंतीतून पायात आणि पायातून जमिनीत उतरायला हवा. वाटेत एकही जोड असा नको जो फक्त वजनाच्या भरवशावर आहे. आपली बहुतेक घरं खाली येणाऱ्या वजनासाठी बांधलेली असतात. वीट विटेवर, तुळई भिंतीवर, वासा तुळईवर. वजन खाली येत असतं तोवर साधा जोडही पुरतो. वारा हे गणित उलटं करतो.

दुसऱ्या फेरीत दुकानात भिंतीचा पुठ्ठा विकला गेला नाही म्हटलं तरी चालेल. सगळा खर्च दोरा आणि क्लिपांवर. एका गटाने छपरावरून दोरा घेऊन थेट प्लायवुडखाली गाठ मारली. हे फसवणूक आहे का, यावर वाद झाला. मी नाही म्हटलं. मोबाइल होम, म्हणजे तयार आणून ठेवलेली हलवता येणारी घरं, इथे अशाच पट्ट्यांनी जमिनीत रोवलेल्या नांगरांना बांधतात. (अशा घरात टोर्नेडोच्या वेळी थांबायचं मात्र नाही, पट्ट्या असल्या तरी.)

या फेरीत घरं ब्लोअर अगदी जवळ येईपर्यंत टिकली. मग मी एका टिकलेल्या घराची वाऱ्याकडची बाजू कात्रीने रुंद कापली, गॅरेजच्या दरवाजाएवढी, आणि ब्लोअर पुन्हा लावला. छप्पर लगेच गेलं. वारा आत शिरला की आतूनही वर ढकलतो, आणि बाहेरून ओढ असतेच. एका मुलाला घरी सांगितलं होतं की टोर्नेडो येताना खिडक्या उघडाव्यात म्हणजे दाब सारखा होतो आणि घर फुटत नाही. हा समज अमेरिकेत अनेक वर्षं शिकवला गेला आणि चुकीचा आहे. घर दाबाच्या फरकाने फुटत नाही, वाऱ्याने उकललं जातं. खिडक्या उघडायला धावणारा माणूस उलट काचेसमोर उभा राहतो. पुलाखाली गाडी लावून थांबायचा समजही असाच. 1999 च्या उद्रेकात पुलांखाली आसरा घेतलेली तीन माणसं गेली. तिथे वारा अडत नाही, चिंचोळ्या जागेतून आणखी जोराने येतो.

शेवटी खिळे. साधा गुळगुळीत खिळा आणि अंगावर कड्या असलेला खिळा, दोन्ही एकाच फळीत ठोकलेले, आणि हातात पकड. साधा निघाला. कड्यांचा काढायला दोन मुलं लागली आणि तरी पूर्ण निघाला नाही. सबंध धड्यात मुलांनी घरी जाऊन सांगितलेली गोष्ट ही होती, असं नंतर पालकांकडून कळलं.

सात मुलांबद्दल सांगायचं का

यावर पालकांत दोन तट होते. काहींचं म्हणणं, नऊ वर्षांच्या मुलाला नऊ वर्षांची मुलं भिंतीखाली गेल्याचं कशाला सांगायचं. माझं म्हणणं, मूरजवळ राहणाऱ्या मुलाला ते कुठून तरी कळणारच आहे, आणि बहुधा यूट्यूबवरून, पार्श्वसंगीतासह. शेवटी ठरलं ते असं: लहान वर्गाला नाही, या वर्गाला सांगायचं, पालकांना आधी कळवून, एकही छायाचित्र न दाखवता, आणि साखळीचा खेळ झाल्यानंतरच. एका घरातून मुलीला त्या दिवशी पाठवलं नाही. तो त्यांचा हक्क होता.

साखळीनंतर सांगितल्याने फरक पडला असं मला वाटतं. मुलांनी पहिला प्रश्न "किती जण मेले" असा केला नाही. "कुठला हात सुटला?" असा केला. याचं उत्तर देता येतं. वादळानंतर पडलेल्या शाळांची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांमध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे ख्रिस रॅमसायर होते. ब्रायरवुडच्या पाहणीत भिंती पायाशी नीट न जखडलेल्या, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंतींमध्ये हवी तशी सळई आणि भरण नसलेलं, असे दोष समोर आले. आतून पोकळ ठोकळे एकावर एक रचून उभारलेली भिंत वरून खाली येणाऱ्या वजनाला भक्कम असते, आडव्या ढकलीला नाही. पोकळीतून सळई घालून ती काँक्रीटने भरली आणि पायाशी व छपराशी बांधली की तीच भिंत वेगळी वागते.

मग ती शाळा कोणी बांधली, त्यांना शिक्षा झाली का, हा प्रश्न आला. मुलांना न्याय फार पटकन हवा असतो. मी एवढंच सांगितलं की इतका जोर त्या इमारतींना कोणी मागितलेलाच नव्हता. नियमात होता त्यापेक्षा कितीतरी मोठा वारा आला, आणि नियमात होतं त्यातलंही काही झालेलं नव्हतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही. दहा वर्षांच्या मुलांना हे जड जातं, पण पेलतं. दोन्ही शाळा 2014 मध्ये सुरक्षित खोल्यांसह पुन्हा उघडल्या, हे ऐकल्यावर वर्ग जरा सैल झाला.

135

मूरची पुढची गोष्ट मला स्वतःला सगळ्यात शिकवण्यासारखी वाटते आणि शाळांत ती क्वचित सांगितली जाते. मार्च 2014 मध्ये मूर नगरपरिषदेने घरबांधणीचे नवे नियम मंजूर केले. टोर्नेडो डोळ्यांसमोर ठेवून घरांसाठी नियम करणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. आधी घर ताशी 90 मैलांच्या वाऱ्यासाठी बांधायचं असे, आता 135, म्हणजे सुमारे 217 किलोमीटर. मुलांनी हिशेब आधीच केला होता: वेग दीडपट, दाब सव्वादोनपट. यासाठी नियमांत काय आलं? वाशांना भिंतीशी बांधणाऱ्या धातूच्या क्लिपा, भिंतींना बाहेरून सलग फळ्यांचं आवरण, वासे एकमेकांच्या जवळ, छपराच्या फळ्यांना कड्यांचे खिळे आणि तेही दाट, वाऱ्याला टिकेल असा गॅरेजचा दरवाजा. म्हणजे मुलांनी दुसऱ्या फेरीत जे विकत घेतलं तेच. घर महाग होईल आणि बांधकाम व्यावसायिक शेजारच्या गावी जातील, अशी भीती होती. नंतरच्या अर्थशास्त्रीय अभ्यासात मूरमधल्या घरांच्या किमतींवर किंवा नव्या बांधकामांवर तसा परिणाम दिसला नाही.

एका मुलाने बरोबर शंका काढली: टोर्नेडो 200 मैलांचा आणि घर 135 चं, मग काय उपयोग? 135 मैल ही ईएफ-2 ची वरची हद्द आहे आणि बहुतेक सगळे टोर्नेडो ईएफ-2 किंवा त्याखालचे असतात. ईएफ-5 मध्येही तो शेवटचा वेग पट्ट्याच्या छोट्या भागातच असतो. कडेच्या शेकडो घरांना मिळणारा वारा कमी असतो. नियम त्या कडेच्या घरांसाठी आहे. मधल्या घरासाठी घर वाचवण्याचा विचार सोडायचा आणि माणूस वाचवायचा. ते काम सुरक्षित खोलीचं. ती ताशी 250 मैलांच्या, म्हणजे 400 किलोमीटरच्या वाऱ्यासाठी बांधतात आणि तिच्या भिंतीवर नि दारावर सुमारे सात किलोचा लाकडी वासा ताशी 100 मैलांनी आदळवून तपासतात. टेक्सासमधल्या लबक इथे टेक्सास टेक विद्यापीठात यासाठी हवेच्या दाबाची तोफ आहे. तिथलं हे काम 1970 च्या मे महिन्यात लबकवरूनच टोर्नेडो गेल्यावर सुरू झालं. तोफेची फीत दाखवली. ती तीनदा लावावी लागली.

ईएफ दर्जा कसा लावतात, हे यानंतर सांगितलं तर चटकन कळतं. वाऱ्याचा वेग बहुतेक वेळा कोणी मोजलेला नसतो. काय मोडलं आणि ते किती नीट बांधलेलं होतं, यावरून अंदाज करतात. ही वाट हवामानशास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांनी 1971 मध्ये घालून दिली. जपानमध्ये असताना त्यांनी 1945 मध्ये अणुबॉम्बने झालेली पडझड पाहिली होती. पडलेल्या वस्तूंवरून न दिसलेल्या जोराची दिशा वाचण्याची सवय तिथली. 2014 मध्ये आर्कान्सामधल्या विलोनियात घरं पायापासून साफ झाली, तरी दर्जा ईएफ-4 वर थांबला, कारण पाहणीत घरांच्या पायातल्या बोल्टांना नट आणि वॉशर नसल्याचं आढळलं. नट नाही तर घर कमी वाऱ्यातही गेलं असतं. मुलांना हे अन्यायाचं वाटलं. हवामान अभ्यासकांमध्येही त्यावर बराच वाद झाला होता.

काय रुजलं, काय नाही

धड्याआधी मुलांकडून टोर्नेडोचं चित्र काढून घेतलं होतं: कागदभर भोवरा, कोपऱ्यात काडेपेटीएवढं घर. नंतर सांगितलं, घर काढा आणि आधी काय जाईल ते लाल करा. बहुतेकांनी गॅरेजचा दरवाजा आणि छपराचे कोपरे लाल केले. एकीने वाशाच्या टोकाला छोटी क्लिप काढून बाण केला होता. दोघांनी पुन्हा भोवराच काढला, अधिक सुबक.

पण पुढच्या एका शनिवारी विचारलं, शाळेत भोंगा झाला आणि तुम्ही जिमच्या दाराशी आहात, आत जाल का? बहुतेक म्हणाली, हो, जिमच्या भिंती उंच आणि जाड आहेत. म्हणजे पहिल्या फेरीतली समजूत मोठ्या इमारतीत जशीच्या तशी परत आली होती. जिम, कॅफेटेरिया, सभागृह या जागा टाळायला सांगतात, कारण छप्पर लांबवर आधाराशिवाय पसरलेलं असतं आणि उंच भिंतींना मध्ये आडवा आधार नसतो. छोटी, खिडकी नसलेली आतली खोली बरी, कारण तिथे भिंती जवळजवळ आणि एकमेकींना धरून असतात. हॉलवे का, याचंही उत्तर इथेच आहे. हॉलवेचीही एक अट: दोन्ही टोकांना बाहेर उघडणारी दारं असतील तर तो वाऱ्याचा बोगदा होतो. पुढच्या वर्षी खोक्याच्या घराबरोबर एक जिमही बांधायला लावणार आहे.

डोक्यावर हात ठेवण्याऐवजी सायकलचं हेल्मेट आणि पायात बूट, हे मात्र सगळ्यांनी घरी लावून धरलं. एका घरात हेल्मेट जिन्याखालच्या कपाटात कायमचं गेल्याने सायकल बंद झाली अशी तक्रार आली.

आजींनी परत जाण्याआधी फोन केला. गावी नवं छप्पर करायचं आहे, वासे भिंतीला पट्ट्यांनी जखडून घ्यायला गवंडी तयार आहे, पण भिंत जुनी, जांभ्या चिऱ्याची आणि मातीने सांधलेली. तिथे पट्टी धरेल का? नुसती चिऱ्यात ठोकली तर नाही धरणार. वरचे दोन-तीन थर पट्टीसकट उचलून निघतील. भिंतींच्या डोक्यावरून चारही बाजूंनी सलग आरसीसी पट्टा ओतून घ्यायचा, वाशांच्या पट्ट्या त्या पट्ट्यातल्या सळईला अडकवायच्या, आणि चारही कोपऱ्यांत सळई खाली जोत्यापर्यंत नेऊन तिथे काँक्रीट करायचं. खर्च पत्र्यांच्या खर्चाहून जास्त येईल, हेही त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलाशी बोलते.